दादाचा डावा पाय

परवा आसनगावहून सुनेनं फोनवर एक फोटो पाठवला. न्हाणीघराबाहेरच्या कोरड्या लादीवर नातीचं ओलं पाऊल उमटलं होतं. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं भरलेलं, मधे खळग्याचा पत्ता नाही. खाली तिनं विचारलं होतं, डॉक्टरांना दाखवायला हवं का? नात आहे अडीच वर्षांची. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, अगं, या वयाच्या सगळ्या पोरांची पावलं अशीच उठतात. तळव्याला बाळसं असतं, त्यात खळगा बुडून जातो. शाळेत जायला लागली की हळूहळू आपोआप दिसू लागेल. कुणाकुणाला मोठेपणीही दिसत नाही, त्यानं काही अडत नाही. तिला पलंगाला धरून चवड्यांवर उभी कर आणि मागून बघ. टाच आतल्या अंगाला वळली, तळव्याला कमान आली, की पाय मऊ आहे, चांगला आहे. पळताना कधी रडते का, एकाच पायानं लंगडते का, चालायचं सोडून सारखी कडेवर मागते का, एवढ्यावर लक्ष ठेव. यातलं काही नसेल तर पावलांचे फोटो काढायचे बंद कर आणि पोरीला पळू दे. ती हसली. तुम्हाला हे सगळं कसं माहीत, म्हणाली. मी भाजी करपतेय असं सांगून फोन ठेवला. दादा जाऊन दोन वर्षं होत आली, पण त्याच्या पायाबद्दल बोलायचं म्हटलं की मी अजून काहीतरी कारण काढून उठते. बोलता येत नाही ते लिहून तरी ठेवावं म्हणून बसले आहे.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. एस.टी. फाट्यावर सोडायची. तिथून दगडगोट्यांची वाट, मग एक ओढा, मग चढ, आणि चढ संपला की भाताची गिरणी आणि गाव. घरात आम्ही चार माणसं. बाबा, आई, काशिनाथ म्हणजे माझा दादा, आणि मी. घर कुडाचं, पुढे ओटी, मागे पडवी, पडवीत बैल. मला त्या घराचे आवाज आठवतात. पहाटे आईची भाकरी थापल्याची थपथप, बैलांनी पेंढा ओढल्याची सळसळ, दिवस वर आला की गिरणीची पुकपुक. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, रात्री भात आणि वालाचं नाहीतर कुळथाचं कालवण. थंडीत आई वाल मोड आणून सोलायला बसली की त्या उग्र वासानं घर भरून जाई. बाबा जेवताना बोलत नसत, आणि एरवीही फारसे बोलत नसत. ते तापात नांगर धरलेले गृहस्थ होते. बारा वर्षांचे असताना त्यांच्या खांद्यावर जू आलं होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या अंगदुखीचं त्यांना कधी खरं वाटलं नाही. वाईट नव्हते. पण दुखणं ही त्यांच्या लेखी सांगायची गोष्टच नव्हती.

आमच्याकडे मुलीच्या पायांवर फार डोळे असत. मुलगी बघायला आलेली मंडळी चहा घेत, पोहे खात, नाव-गाव विचारत, आणि मग त्यांच्यातली एखादी म्हातारी मुलीला पाय धुऊन सारवलेल्या जमिनीवरून चालायला सांगे. शेणाच्या सारवणावर ओलं पाऊल कसं छान उठतं. मधे खळगा असला की मुलगी लक्ष्मीच्या पावलांची, आणि आख्खं पाऊल उठलं की पांढऱ्या पायाची, सासरचं घर सपाट करणारी. माझं पाऊल आख्खं उठायचं. मी सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या काकूंनी ते आमच्या ओटीवर पाहिलं आणि आईच्या कानावर घातलं, तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. आई मला ओढ्याच्या वाळूतून अनवाणी चालवी. जमिनीवर वाल पसरून पायाच्या बोटांनी उचलायला लावी. तळव्याखाली चिंधीचा गोळा बांधून निजवी. एवढं करून पाय होता तसाच राहिला, म्हणून शेवटी तिनं मला तळव्याच्या बाहेरच्या कडेवर चालायला शिकवलं. तसं चाललं की खळगा असल्यासारखं दिसतं. मी त्या विद्येत इतकी तरबेज झाले की मैत्रिणी मला बदक म्हणत. आता गंमत वाटते. तेव्हा आईच्या डोळ्यांत भीती असायची आणि ती माझ्यात उतरायची. खरं सांगायचं तर त्या पायांनी मला आयुष्यात कधी त्रास दिला नाही. मी त्यांच्यावर डोंगर चढले, भात लावलं, दोन पोरं वाढवली. आजही ते तसेच सपाट आहेत आणि ठणठणीत आहेत.

मुलाच्या पायाकडे मात्र कुणी बघत नसे. मुलाचा पाय कामाला लागला म्हणजे झालं.

दादाला मिसरूड फुटायच्या सुमारास त्याचा डावा पाय दुखायला लागला. सुरुवातीला घोटा वरचेवर मुरगळायचा. आई हळद-मीठ गरम करून बांधायची, तो दोन दिवस लंगडायचा आणि पुन्हा कामाला जायचा. मग न मुरगळताही दुखू लागला. त्यातही एक विचित्र गोष्ट होती. चिखलणीच्या वेळी, गुडघाभर मऊ चिखलात, तो बाबांच्या बरोबरीनं चाले. पण बांधावरून आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या न्यायच्या, कापणीनंतर कडक झालेल्या खाचरातून भारे वाहायचे, ओढ्यातल्या गोट्यांवरून पाणी आणायचं, म्हटलं की त्याचा चेहरा उतरे. जमीन जिथे वाकडीतिकडी तिथे त्याचा पाय दुखे. ते त्यानं बाबांना सांगितलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. मी तिथे असताना सांगितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं असे, नाचता येईना अंगण वाकडं. चिखलात दुखत नाय आन् बांधावर कसा दुखतो, असं ते विचारत. दादाला स्वतःलाच ते कळत नव्हतं. मग त्यानं सांगणं सोडून दिलं. काम मात्र तो हळूहळू टाळायला लागला. पाणी आणायची वेळ आली की बैलांकडे जाई, भारे वाहायचे असले की विळे पाजवत बसे. बाहेरून बघणाऱ्याला तो आळशीच वाटावा. रात्री चुलीशी आई त्याचा घोटा तेलानं चोळायची तेव्हा मी कंदील धरायची. त्याचा तळवाही माझ्यासारखाच सपाट झाला होता, पण फक्त डावा. उजव्याला छान खळगा होता. आम्ही दोघींनी ते बघितलं, पण त्यावर काहीही म्हटलं नाही. सपाट पाय मुलीला असला तर खोट, मुलाला असला तर त्याचं काय, असं आमच्या मनात पक्कं बसलं होतं.

एका वर्षीच्या आवणीत, भातलावणीत, व्हायचं ते झालं. आमच्याकडे आवणीला सगळी आळी एकमेकांच्या शेतात राबते. आज यांचं, उद्या त्यांचं. त्या दिवशी आमच्या खाचरात वीसेक माणसं होती. बायका ओळीत वाकून लावत होत्या आणि दादा बांधावरून जुड्या आणून टाकत होता. मधेच तो बांधावर बसला. बायकांच्या हातातलं आवण संपलं, सगळी ओळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाबा नांगर सोडून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अंगचोर निपजलास. दुसऱ्यांची मानसा तुझ्या बापाच्या शेतात राबतान आन् तू बसून ऱ्हातस." दादा उठला, राहिलेल्या जुड्या त्यानं टाकल्या, आणि तेव्हापासून तो बाबांशी बोलेनासा झाला. गावाला मात्र नाव मिळालं. गिरणीवर, फाट्यावर, जिथे तिथे पोरं त्याला अंगचोर म्हणू लागली. तो चिडत नसे. खाली मान घालून निघून जाई, आणि मला त्याच्या पाठमोऱ्या चालीकडे बघवत नसे.

त्याच वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर मला बघायला उंबरमाळीकडचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, कसाऱ्याला. बरोबर त्याचे मामा होते आणि आत्या होती, भारदस्त, कपाळावर मोठं कुंकू. मी शिकवल्याप्रमाणे कडेवर चालले, आणि जमिनीवर इतकी सुरेख पावलं उठली की आईनं सुस्कारा टाकला. आत्याबाईंनी ती वाकून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, बाय, आता भरली घागर कमरेवर घेऊन चाल. घागरीच्या ओझ्यानं माझी विद्या तिथल्या तिथे संपली. सारवणावर आख्खा तळवा उमटला. आत्याबाई रागावल्या नाहीत. आमच्यात असं चालत नाही, पण पोराला पोरगी पसंत आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा हाडांचा डॉक्टर येतो, त्याला दाखवा, पुढे पायाचं काही निघणार नाही असं तो म्हणाला तर आम्ही होकार देऊ. त्याच बैठकीत बाबांनी मुलाच्या मामांपाशी दुसराही विषय काढला. मामा कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवर ठेकेदाराची माणसं पुरवत. माझ्या पोराला घ्या, घरात त्याचा उपयोग नाही, असं बाबा म्हणाले. ओटीवर पाणी घेऊन आलेला दादा ते ऐकत उभा होता. त्या रात्री त्यानं दोन कपड्यांचं बोचकं बांधलं. आई रडली, बाबांना म्हणाली की रुळांवर सगळी खडीच असते, तिच्यावरून त्याला चालवणार नाही. तिथं गेला म्हंजे सरळ होईल, एवढंच बाबा बोलले.

म्हणून शहापूरला आम्ही तिघं गेलो. आधी मला दाखवायचं आणि तिथून बाबांनी दादाला कसाऱ्याला पोचवायचं. एस.टी.त मी खिडकीशी बसले होते, दादा मागच्या बाकावर, बोचकं मांडीवर. मला एकच चिंता होती, आणि ती माझ्या लग्नाची नव्हती. आपला भाऊ आता घरी परत येणार नाही, हे मला दिसत होतं.

डॉक्टर तरुण होते, चष्मा लावलेले, दमलेले. बाबांनी माझं गाऱ्हाणं सांगितलं. डॉक्टरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून माझ्या टाचा बघितल्या. मग चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. मी राहिले तर माझ्याच तळव्यात कमान उठली. इतकी वर्षं वाळू तुडवून जी आली नाही ती तिथे नुसत्या टाचा उचलून आली. त्यांनी माझा पाय हातात घेऊन इकडेतिकडे वळवला, दुखतं का विचारलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी ते विचारत होतं. नाही म्हटलं. झालं तर मग, असं म्हणून त्यांनी बाबांना समजावलं, की काही माणसांचे पाय असेच असतात, ते मऊ असले आणि दुखत नसले तर त्याला काही करायचं नसतं. घरात आणखी कुणाचे असे पाय आहेत का, असं त्यांनी सहज विचारलं. बाबा नाही म्हणाले. दादा दाराच्या चौकटीला टेकून, सगळा भार उजव्या पायावर टाकून उभा होता. डॉक्टरांची नजर त्याच्याकडे गेली, आणि त्याच्या डाव्या चपलेकडे, जी आतल्या बाजूनं झिजून कागदासारखी झाली होती. त्यांनी त्याला आत बोलावलं आणि माझ्यासारखंच भिंतीकडे तोंड करून उभं केलं. चवड्यांवर ये म्हणाले. उजव्या पायाला कमान आली, टाच आत वळली. डावा पाय तसाच राहिला. टाच बाहेर झुकलेली, तळवा सपाट. बाबाही बघत होते. डॉक्टरांनी डावी टाच हातात धरून वळवायला घेतली, ती वळेना. दादानं टेबलाची कड घट्ट पकडली. त्याच्या कपाळावर घाम आला.

पायाचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की घोट्याखालची जी दोन हाडं सुटी असायला हवीत ती त्याच्या पायात जन्मापासून जोडलेली होती. लहानपणी तो जोड लवचिक असतो, वय वाढतं तसा टणक होतो आणि पोर तेरा-चौदाचं झालं की दुखायला लागतो. सपाट जमिनीवर पाय निभावून नेतो. दगडावर, बांधावर, जिथे पावलाला डावी-उजवीकडे कलावं लागतं, तिथे तो कलू शकत नाही. डॉक्टर हे बोलत असताना बाबांची नजर जमिनीवर खिळलेली होती.

"ह्याचा पाय इतका दुखत होता, तुम्हाला घरी कधी बोलला नाही?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात दोष नव्हता, नुसतं नवल होतं.

बाबांनी तोंड उघडलं, पण त्याआधी दादा बोलला. "मीच सांगितला नाय त्यांना," तो म्हणाला.

मी दादाकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. कित्येक महिन्यांत तो बाबांबद्दल पहिल्यांदा काही बोलला होता, आणि ते खोटं होतं. तिघांनाही ते ठाऊक होतं. परक्या माणसासमोर त्यानं बापाची मान खाली जाऊ दिली नाही. माझा भाऊ किती मोठा माणूस आहे हे मला त्या दवाखान्यात कळलं.

पायाला गुडघ्याखालपासून प्लास्टर घातलं. काही आठवडे ठेवायचं, मग चपलेत आधार घालायचा, आणि एवढ्यानं नाही भागलं तर ठाण्याला ऑपरेशन. पहिले दोन दिवस पाय टेकवायचा नाही आणि प्लास्टर भिजू द्यायचं नाही, असं बजावलं. (ऑपरेशन लागलं नाही. दुखणं पूर्ण गेलंही नाही. पुढे दादानं आमच्या गावची ती गिरणी चालवायला घेतली आणि बसल्या कामात जन्म काढला. थंडीत तो पाय चुलीकडे करून बसायचा. माझं लग्न दुसरीकडे झालं. उंबरमाळीकरांनी होकार कळवला होता, पण जिथे घागर देऊन चालवतात तिथे माझी पोर नको, म्हणून आईनंच नकार दिला.) कसाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. बाबांनी बोचकं स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि आम्ही परतीची एस.टी. पकडली. दादाचा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी तो उचलून धरत.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. चहाच्या टपरीवर आमच्या गावची माणसं होती. प्लास्टर बघून त्यांनी लगेच डोली करायचं ठरवलं. आमच्या भागात आजारी माणूस डोलीतूनच वाट उतरतो-चढतो. बांबूला घोंगडी बांधायची, दोघांनी खांदे द्यायचे. एक जण बांबू आणायला निघालाही. दादा कसनुसा झाला, नको म्हणू लागला. बाबांनी त्या माणसाला हातानं थांबवलं. माझ्याकडे बोचकं दिलं, दादापुढे पाठ करून खाली बसले आणि म्हणाले, "बस."

"बाबा, मी काय लहान हाय?" दादा म्हणाला.

"बस रे," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

दादा बसला. वीस वर्षांचा, अंगापिंडानं भरलेला पोरगा. बाबा पन्नाशीचे, काटकुळे. उठताना त्यांनी एका हातानं जमिनीचा आधार घेतला. गोट्यांची वाट ते बघून बघून चालले. ओढ्याला मांडीभर पाणी होतं. मी पुढे होऊन दादाचा प्लास्टरचा पाय वर उचलून धरला आणि आम्ही तिघं तसेच पलीकडे गेलो. चढावर बाबांना धाप लागली. दादा दोनदा उतरवा म्हणाला, त्यांनी ऐकलं नाही. चढ संपला तिथे गिरणीच्या ओट्यावर संध्याकाळची बैठक जमली होती. आवणीच्या दिवशी आमच्या खाचरात जी होती त्यातलीच बरीच माणसं. बाप पोराला पाठीवर घेऊन येताना बघून सगळे उठून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, काश्यानं पाय मोडून घेतला काय?

बाबा थांबले. दादाला खाली न ठेवता, श्वास सावरत उभे राहिले.

"मोडला नाय," ते म्हणाले. "जन्मापासून हाडात खोट हाय. दुखत होता त्याला. त्यानं मला सांगितला होता, पुष्कळ वेळा सांगितला. मीच ऐकला नाय."

दादानं बाबांच्या मानेत तोंड खुपसलं आणि त्याचे खांदे हलू लागले. बाबांनी त्याच्या मांड्यांखालचे हात पुन्हा नीट आवळले आणि चालायला लागले. गिरणीपासून आमचं घर आळीच्या दुसऱ्या टोकाला. घर येईपर्यंत त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही.